सतरा जानेवारीचं कार्ड

१

"उद्या सतरा जानेवारी," पा थोंगयिप भोंग्यातून म्हणाली, "उद्याच्या दिवशी..." आणि पुढे काही आलंच नाही.

बांग मालाईच्या बाजारात खांबाखांबावर भोंगे आहेत. रोज सकाळी साडेसातला त्यातून पा, म्हणजे सगळ्यांची मावशी, बोलते आणि आठला राष्ट्रगीत लागतं. एकतीस वर्षं हा नेम चाललाय. बोलते ते एकाच विषयावर: आजच्या तारखेला पूर्वी काय काय घडलं. राजाने शिलालेख शोधला तेही, आणि मासळीवाल्या सोमच्या म्हशीला जुळं झालं तेही, एकाच सुरात. निम्मा बाजार लॉटरीसाठी आकडे मिळतात म्हणून ऐकतो, उरलेला निम्मा तिच्यावर जीव आहे म्हणून. मी दोन्हीसाठी ऐकते.

मी लेंग, बाजाराची जे, म्हणजे ताई. भाजीबाजाराच्या जिन्याखाली माझा कॉफीचा गाडा, आणि जिन्याच्या वर भोंग्याची खोली. भोंगा गप्प झाला तशी मी कढईतले पाथोंगको, पिठाचे तळलेले तुकडे, तसेच टाकले आणि दोन दोन पायऱ्या चढत वर गेले.

पा खुर्चीत बसली होती. समोर जानेवारीचा पत्र्याचा डबा उघडा. असे बारा डबे आहेत, बिस्किटांचे, महिन्याला एक. आत प्रत्येक तारखेच्या कार्डांचा गठ्ठा, पांढऱ्या सुती दोऱ्याने बांधलेला. शाळेचे प्लुआंग मास्तर आपल्या हाताने कार्डं लिहीत, ते गेल्यावर त्यांची विद्यार्थिनी थोंगयिप लिहू लागली.

"लेंग," ती म्हणाली, "बाबांचं कार्ड नाही गं. हे काय आहे ते वाच. माझ्याने पहिल्या ओळीपुढे जाववत नाही."

तिच्या हातात पिवळा पडलेला कागद होता. अक्षर प्लुआंग मास्तरांचं. मी वाचायला लागले आणि माझ्याच तोंडचं पाणी पळालं.

"नाव कलंडताच पहिली उडी नावाडी फात याने मारली. त्याच्या तोंडाला दारूचा वास होता. तो बुडाला नाही. दुसऱ्या दिवशी खालच्या गावात त्याला चालताना पाहिलेले लोक मला भेटले आहेत. त्याच्या बायकोची व लहान मुलीची दया येऊन मी कार्डावर खोटे लिहिले. ज्याला हे पत्र मिळेल त्याने ते कार्ड काढून टाकावे."

ती लहान मुलगी म्हणजे पा थोंगयिप. तेव्हा सहा वर्षांची होती. आज बासष्ट.

"मग मी छप्पन्न वर्षं उदबत्ती कुणाला लावली?" तिने विचारलं. मला रडूच कोसळलं.

२

आधी कार्डावर काय होतं ते सांगते, कारण ते बाजारातल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहे. "नाव बुडाली. घाटमालक हेंग यांनी तेरा जणांच्या नावेत एकतीस माणसे चढवायला लावली. नावाडी फात याने चौदा जणांना काठाला लावले. पंधराव्यासाठी गेला तो परतला नाही."

एवढंच. सालही नाही; त्या दिवशी मास्तरांना ते कुठलं सुचायला. पण दुसऱ्या दिवशी, सतरा जानेवारीला सकाळी नऊ वाजता, घाटावर हाच मजकूर कोरलेली पितळी पाटी लागायची होती. त्यासाठी पाने नवा रेशमी फासिन, कमरेला नेसायचं वस्त्र, शिवून घेतला होता, आयुष्यात पहिल्यांदा शिंप्याला आगाऊ पैसे देऊन.

"जाळून टाक ते पत्र," मी म्हटलं. "कोण बघतंय?"

पाने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

"डब्यात असेल ते वाचायचं. हा नियम कुणाचा?"

"तुझाच."

"मेयरच्या भावाने कोंबडा चोरला होता ते कार्ड कुणी वाचलं?"

"तूच."

"मग माझ्या बापाची पाळी आली की डबा बंद करू? उद्या साडेसातला मी हे पत्र वाचणार."

म्हातारी हट्टाला पेटली की देवसुद्धा रस्ता बदलतो. माझ्याकडे फक्त चोवीस तास होते. मी जिना उतरले आणि सरळ लुंग सवेंगच्या, म्हणजे सवेंगकाकांच्या, टेबलापाशी गेले. लुंग निवृत्त पोस्टमास्तर. अडतीस वर्षं शिक्के मारून त्यांचा उजवा अंगठा कायमचा निळा झालाय. रोज माझ्याकडे बिनसाखरेचा चहा पितात आणि एका कपावर तीन तास बसतात.

मी सगळं सांगितलं, पत्र घडाघडा म्हणून दाखवलं.

"तारीख?" लुंगनी विचारलं.

"कसली तारीख?"

"पत्रावरची."

"लुंग, म्हातारीचं काळीज फाटलंय आणि तुम्ही तारीख विचारता! पत्राची तारीख कोण वाचतं?"

"पोस्टात काम केलेला माणूस," लुंग म्हणाले आणि चहा अर्धा टाकून उठले. अकरा वर्षांत त्यांनी चहा टाकलेला मी पाहिला नव्हता.

३

खोलीला कुलूप असतं. पाने कार्ड आठवड्यापूर्वी पाहिलं होतं, पाटीचा मजकूर ताडून बघताना. त्यानंतर ते गेलं. किल्ल्या पा सोडून तिघांकडे. लुंग पत्र खिशात घालून तिघांनाही भेटायला निघाले, आणि गाडा भाचीवर टाकून मी मागोमाग.

पहिला देन. भोंग्यांच्या तारा जोडणारा. शिडीवरच होता.

"तुझं आणि पाचं भांडण झालं म्हणे?" लुंगनी खालून विचारलं.

"रोजच होतं! राष्ट्रगीत तीन सेकंद उशिरा लागलं तर तिने माझ्या सात पिढ्यांची लाज काढली, तीही माईक चालू असताना. माझी बायको अजून मला 'तीन सेकंद' म्हणून हाक मारते." देन खाली उतरला. "पण लुंग, मला तिचा राग येतो, तिच्या बापाचा कशाला येईल?"

"बरं, एक काम कर. बर्फाच्या कारखान्यातल्या जुन्या यंत्रावर परदेशी आकड्यात फेब्रुवारी १९४१ कोरलंय. पाला पुढच्या महिन्यासाठी कार्ड करायचंय. आपल्या बुद्धसनात किती होतात?"

देनने खिशातून कॅल्क्युलेटर काढला, पाचशे त्रेचाळीस मिळवले आणि म्हणाला, "२४८४."

मला काही टोटल लागेना. घर जळतंय आणि लुंग बर्फाच्या यंत्राची चौकशी करतायत!

दुसऱ्या खुन राचनी, म्हणजे राचनीबाई. नगरपालिकेच्या कारकून. पाचा अर्धा तास बंद करून तिथे साबणाच्या जाहिराती लावायच्या हे त्यांचं जुनं स्वप्न.

"मी कशाला लपवू?" राचनी म्हणाल्या. "कार्यक्रम बंद व्हावा असं मला वाटतं. पण त्यासाठी माझ्याकडे कागद आहे, रबरी शिक्का आहे. चोरून डब्यात चिठ्ठ्या टाकायला मी काय शाळकरी पोर आहे?" मग त्यांचा आवाज उतरला. "शिवाय माझी आई त्या चौदांतली. दहावी. फातने तिला केसाला धरून ओढलं होतं. म्हातारी होईपर्यंत ती डोकं दुखलं की त्याचं नाव घ्यायची."

लुंगनी त्यांनाही यंत्राचं विचारलं. त्यांनी मान वर न करता सांगितलं, "२४८४. बेरीज येत नाही का तुम्हाला?"

तिसरे आचान, म्हणजे गुरुजी, वोरावित. माध्यमिक शाळेत इतिहास शिकवतात, गावाचा इतिहास लिहितायत. दोन वर्षं त्या खोलीत बसून प्लुआंग मास्तरांच्या वह्या उतरवून काढतायत. ज्या हेंगने एकतीस माणसं कोंबली त्याचे हे नातू. पण माणूस असा सरळ, की पाटीचा मजकूर त्यांनीच लिहून दिला, आजोबांच्या नावासकट. बाजाराने तेव्हा त्यांना डोक्यावर घेतलं होतं.

सोळा जानेवारी म्हणजे शिक्षकदिन, शाळेला सुटी. आचान अंगणात गळ्यात विद्यार्थ्यांनी घातलेले हार घेऊन बसले होते. पत्र वाचून त्यांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला.

"मला फार वाईट वाटतं," ते म्हणाले. "कुणाला तरी जुन्या वहीत हे सापडलं असेल आणि त्याने योग्य जागी ठेवलं. पा थोंगयिपसाठी जीव तुटतो. पण इतिहास म्हणजे इतिहास. पाटी थांबवावी लागेल."

लुंगनी मान डोलावली आणि यंत्राचं विचारलं.

आचानच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "लुंग, चुकला असतात तुम्ही. कुणीही २४८४ म्हणेल. पण त्या काळी आपलं वर्ष एप्रिलला सुरू व्हायचं, जानेवारी-फेब्रुवारी वर्षाच्या शेवटाला यायचे. म्हणून एक कमी करायचा. २४८३! गेल्या वर्षी पानेच मला शिकवलं, आठवतं ना?"

आठवतं कसं नाही! आचाननी पुस्तकात देवळाच्या घंटेचं साल चुकवलं होतं आणि पाने भोंग्यावरून सगळ्या बाजारासमोर त्यांचा कान धरला होता. "आचान, जुना जानेवारी वर्षाच्या शेपटाला असतो, तोंडाला नाही!" कोबीवाल्यापासून भिकाऱ्यापर्यंत सगळे हसले होते. आचानही हसले होते. तेव्हापासून ते हा नियम भेटेल त्याला शिकवतात.

बाहेर पडल्यावर मी म्हटलं, "तिघांत एकटा आचान बरोबर. शिकलेला माणूस तो शिकलेला."

लुंगनी खिशातलं पत्र काढून माझ्यापुढे धरलं. वर कोपऱ्यात लिहिलं होतं: १९ जानेवारी २४८३.

आणि नाव बुडाली तो जानेवारीही परदेशी हिशोबाने १९४१ चाच. म्हणजे पत्रात जुनी पद्धत होती. म्हणजे पत्र खरंच जुनं होतं. म्हणजे फात खरोखर पळाला होता.

४

"रडू नकोस," लुंग म्हणाले, "हात चालव. डबे काढ."

दुपारचे दोन वाजले होते. पा घरी जाऊन पडली होती, खोलीत आम्ही दोघंच.

"मला या महिन्यांतली २४८३ सालची कार्डं हवीत. जानेवारी, फेब्रुवारी, मार्च. जितकी असतील तितकी."

मी जानेवारीचे एकतीस गठ्ठे सोडले आणि बांधले. २४८२ ची कार्डं होती, २४८४ ची होती. २४८३ चं एकही नाही. फेब्रुवारी घेतला. अठ्ठावीस गठ्ठे, तेच. शेवटच्या एकोणतिसाव्या गठ्ठ्याला दोऱ्याऐवजी रबरबँड होतं. मनात म्हटलं म्हातारीचा दोरा संपला असेल.

"तो राहू दे," लुंग म्हणाले. "१९४१ ला एकोणतीस फेब्रुवारी नव्हती."

मार्च झाला. एकही नाही! मग लुंगनी एप्रिल उघडायला सांगितला. पहिल्याच गठ्ठ्यात २४८३. मे मध्ये चार, जूनमध्ये सहा, डिसेंबरमध्ये नऊ.

"लुंग," मी म्हटलं, "त्या वर्षी एप्रिल ते डिसेंबर गावात एवढं घडलं आणि नंतरचे तीन महिने पान पण हललं नाही?"

"आता बरोबर विचारलंस." लुंगचे डोळे चमकत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस टेबलावर तबला वाजवत होता! "जानेवारीतला पहिला गठ्ठा पुन्हा सोड. २४८४ चं कार्ड मोठ्याने वाच."

मी वाचलं. प्लुआंग मास्तरांचंच अक्षर. "१ जानेवारी २४८४. सरकारी हुकुमाने आजपासून नवे वर्ष एप्रिलऐवजी जानेवारीला. मी बाजारात चौथऱ्यावर उभा राहून हुकूम वाचला. कोणी ऐकेना. शाळेत प्रत्येक मुलाकडून २४८४ हा आकडा शंभर वेळा लिहून घेतला. मुलांना वाटले शिक्षा आहे."

मी कार्ड पुन्हा एकदा वाचलं. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि मी इतक्या जोरात ओरडले की खालून भाचीने विचारलं, भाजलं का मावशी?

"जुनं वर्ष एप्रिलला सुरू झालं," लुंग बोटांवर मोजत म्हणाले, "आणि मार्चपर्यंत जाण्याऐवजी डिसेंबरला संपलं. २४८३ हे वर्ष नऊच महिन्यांचं होतं. त्याला जानेवारी नव्हताच, लेंग! आचानचा नियम त्याआधीच्या वर्षांना लागू, या वर्षाला नाही. देन आणि राचनी यांच्या तो नियम लक्षातही नाही, त्यांनी नुसती बेरीज केली आणि बरोबर आले. त्यांनी पत्र बनवलं असतं तर २४८४ लिहिलं असतं आणि मी आयुष्यभर ओळखलं नसतं. २४८३ लिहिणारा माणूस एकच. अर्धा नियम शिकलेला, आणि पुन्हा चुकायची धास्ती घेतलेला."

"आणि मास्तरांच्या वह्या उतरवून ज्याचा हात त्यांच्या अक्षरावर बसलाय."

"आणि ज्याच्या आजोबांचं नाव उद्या पितळेत कोरलं जाणार आहे. मोठेपणा दाखवून मजकूर लिहून दिला खरा, पण मग झोप लागेना."

मला एक शंका आली आणि आनंदावर पाणी पडलं. "पण लुंग, मास्तर सवयीने जुनंच साल लिहून गेले असतील तर? नवीन हुकूम, अठरा-एकोणीस दिवस झालेले..."

"शाबास. मीही तेच केलं होतं." लुंगनी आपला निळा अंगठा चोळला. "तो माझ्या पोस्टातला पहिला महिना. शिक्क्यातला आकडा बदलायला विसरलो आणि साहेबांनी कानफटात दिली. मी चुकू शकतो, नावाडी चुकू शकतो, मेयर चुकू शकतो. पण ज्याने स्वतः हुकूम वाचला आणि चाळीस पोरांकडून चार हजार वेळा २४८४ लिहून घेतलं, तो एक माणूस चुकणार नाही."

५

"पत्र खोटं, हे ठरलं," मी म्हटलं. "पण कार्ड? त्याने जाळलं असेल."

"इतिहासाचा माणूस मास्तरांच्या हातचं कार्ड जाळेल? त्याचा हात धजणार नाही. घरी ठेवायचीही भीती. मग कुठे ठेवेल?"

"आणखी हजारो कार्डं आहेत तिथे," मी डब्यांकडे बघत म्हटलं. "पण पा रोज एक गठ्ठा उघडते, कधी ना कधी सापडणारच..."

बोलता बोलता मीच थांबले. पा रोज एक गठ्ठा उघडते. वर्षात तीनशे पासष्ट. उघडत नाही असा एकच असतो, चार वर्षांतून एकदाच पाळी येणारा. गेल्याच वर्षी येऊन गेलेला. आता तीन वर्षं कुणी त्याला हात लावणार नव्हतं.

रबरबँड!

मी फेब्रुवारीच्या डब्यावर झडप घातली. एकोणतीस तारखेच्या गठ्ठ्यात सगळ्यात खाली ते होतं. "पंधराव्यासाठी गेला तो परतला नाही." मी ते कार्ड छातीशी धरून खोलीभर नाचले, आणि लुंगनीही दोन पावलं टाकली, खोटं कशाला सांगू.

संध्याकाळी लुंगनी आचानना गाड्यावर बोलावलं. पा आधीच येऊन बसली होती. लुंगनी टेबलावर तीन कागद मांडले: पत्र, एक जानेवारीचं कार्ड, सतरा जानेवारीचं कार्ड. आचाननी पहिलं कार्ड वाचलं आणि त्यांचा चेहरा पांढरा पडला. माणसाचा गुन्हा पकडला जातो तेव्हा तो घाबरतो, पण आचान आधी लाजले. साल चुकलं म्हणून.

"म्हणजे पुन्हा..." ते पुटपुटले.

"पुन्हा," पा म्हणाली.

"माझी मुलगी त्या घाटावरून शाळेत जाते, पा. रोज ती पाटी वाचणार. तिच्या पणजोबाने सतरा माणसं मारली असं रोज वाचणार." आचानचा आवाज फुटला. "मजकूर मीच लिहिला. वाटलं, जमेल मला. नाही जमलं."

"आणि मी?" पाने विचारलं. तिचा आवाज चढला नाही. "मी सहा वर्षांची असल्यापासून त्या घाटावर उभी आहे. माझा बाप तिथून वर आला नाही. तू त्याला दारूडा करून चालवत दुसऱ्या गावाला पाठवलंस. आज दिवसभर मी त्याला शिव्या घातल्या, वोरावित. तो मेला म्हणून आयुष्यभर रडले आणि आज तो जगला असेल म्हणून शिव्या घातल्या. हे तू मला करायला लावलंस."

आचान टेबलावर डोकं टेकून रडायला लागले. गळ्यातले हार अजून तसेच होते.

६

सतरा जानेवारीला साडेसातला भोंगे खरखरले. सगळा बाजार कान टवकारून उभा होता, कारण सोळा तारखेला दिवसभर नाना वावड्या उठल्या होत्या. मी वर खोलीतच होते. नवा फासिन नेसलेली पा माईकपाशी, आणि शेजारी आचान.

"आजच्या दिवशी," पा म्हणाली, "सुखोथाईचा शिलालेख सापडला. आजच्याच दिवशी २४८४ साली कोह चांग बेटापाशी लढाऊ जहाजं भिडली, आपली माणसं गेली. त्याच दिवशी आपल्या घाटावर काय झालं, ते आचान वोरावित वाचतील."

तिने कार्ड त्यांच्या हातात दिलं. आचाननी वाचलं. "घाटमालक हेंग" म्हणताना ते थांबले, घसा खाकरला, आणि पुन्हा सगळं नाव स्पष्ट उच्चारलं. "चौदा जणांना काठाला लावले. पंधराव्यासाठी गेला तो परतला नाही." खाली बाजारात कुणीतरी हुंदका दिला. मला खात्री आहे त्या राचनीच होत्या.

देनने राष्ट्रगीत बरोबर आठला लावलं, एकही सेकंद इकडे-तिकडे नाही. बाजार ताठ उभा राहिला. नऊ वाजता पाटी लागली.

परत आल्यावर पाने कोरं कार्ड पुढे ओढलं आणि लिहायला घेतलं. मी खांद्यावरून डोकावले. "१६ जानेवारी २५४०. या दिवशी डब्यातून एक कार्ड चोरीला गेले व त्या जागी खोटे पत्र ठेवले गेले. लुंग सवेंग व जे लेंग यांनी ते शोधून काढले. हे करणाऱ्याचे नाव..." तिथे तिने बोटभर जागा मोकळी सोडली आणि पेनाला टोपण लावलं.

आचान दारातच उभे होते. त्यांनी ती मोकळी जागा पाहिली.

"पा," ते हळूच म्हणाले, "नाव नाही लिहिलं?"

"पुढच्या सोळा जानेवारीला हे कार्ड वाचायचंय," पा गठ्ठ्याला पांढरा दोरा बांधत म्हणाली. "तोवर वर्ष आहे. तू कसा वागतोस ते बघते. आणि आचान, पूर्ण बारा महिन्यांचं वर्ष बरं का."